कढीपत्त्याची कुरतडलेली पानं

कुंडीतल्या कढीपत्त्याची पानं कडेने कुरतडलेली दिसली की बहुतेक घरांत पहिला विचार औषध फवारण्याचा येतो. ती बाटली हातात घेण्याआधी कोवळी पानं वरच्या बाजूने नीट न्याहाळा. पक्ष्याची शीट पडावी तसा तपकिरी-पांढरा, ओलसर चमकणारा ठिपका कुठेतरी दिसेल. काडीच्या टोकाने त्याला हलकेच, एकदाच स्पर्श करा. डोक्यामागून दुभंगलेलं लालसर शिंग बाहेर आलं आणि उग्र वास सुटला, तर ती कॉमन मॉरमॉन किंवा लाइम बटरफ्लाय या फुलपाखराची अळी आहे. पक्ष्यांनी विष्ठा समजून सोडून द्यावं, म्हणून तिचं हे रूप. शेवटची कात टाकली की तीच अळी पानासारखी हिरवीगार होते आणि मग समोर असूनही सापडत नाही.

घरच्या घरी कीटक बघण्याचा आणि त्यांचे फोटो काढण्याचा छंद लावून घ्यायचा असेल, तर सुरुवात कॅमेऱ्यापासून करू नये, या कुंडीपासून करावी, असं माझं ठाम मत आहे. फुलझाडं लावली की फुलपाखरू येतं, मध पितं आणि निघून जातं. त्याच्या अळीला लागणारी पानं लावली तर ते अंडी घालतं. मग अंडं, अळी, कोष आणि फुलपाखरू असा साधारण महिनाभराचा सगळा प्रवास तुमच्या खिडकीत घडतो. छायाचित्रकाराला याहून मोठी सोय कोणती? कोणता प्रसंग कधी घडणार हे आधीच कळलेलं असतं.

कॉमन मॉरमॉनचंच बघा. नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेला. मादी मात्र तीन रूपांत आढळते. एक नरासारखी, दुसरी कॉमन रोझ या फुलपाखरासारखी आणि तिसरी क्रिमझन रोझसारखी. ही दोन्ही रोझ फुलपाखरं पक्ष्यांना बेचव लागतात, म्हणून त्यांची नक्कल करणारी मादी वाचते. एकाच जातीत ही निरनिराळी रूपं कशी टिकतात, याचं उत्तर 'डबलसेक्स' नावाच्या एकाच जनुकात आहे, हे दाखवणारा शोधनिबंध २०१४ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे पहिले लेखक कृष्णमेघ कुंटे. मराठी वाचक त्यांना 'एका रानवेड्याची शोधयात्रा'चे लेखक म्हणून ओळखतात. इतकं मोठं संशोधन ज्या जातीवर झालं, ती जात तुमच्या फोडणीच्या कढीपत्त्यावर वाढते आहे.

कोणासाठी कोणतं झाड

फुलपाखरांच्या अळ्या खाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ असतात. बहुतेक जातींचं एखाद्या वनस्पतीशी किंवा तिच्या जवळच्या नातलगांशीच जमतं. त्यामुळे झाड निवडलं की पाहुणाही निवडला जातो.

जागा अगदीच कमी असेल, नुसतं खिडकीचं ग्रिल असेल, तर पानफुटी लावा. तिच्यावर रेड पिएरो येतं. काळं-पांढरं, मागच्या पंखाला नारिंगी पट्टा असलेलं हे चिमुकलं फुलपाखरू फार उंच उडत नाही आणि घाईतही नसतं, म्हणून नवशिक्यासाठी उत्तम. त्याची अळी पानफुटीच्या जाड पानाच्या आत शिरते आणि आतला गर खात पुढे सरकते. पान उजेडाकडे धरून पाहिलं तर पारदर्शक झालेल्या भागात अळी आणि तिची काळी विष्ठा दिसते. पानामागे उजेड ठेवून हा फोटो काढला तर फार सुंदर येतो. पानफुटीचं पानच मातीवर ठेवलं तरी नवी रोपं फुटतात, म्हणजे खाद्य संपण्याची चिंता नाही.

लिंबू आणि कढीपत्ता ही जोडी तर हवीच. लिंबूवर्गातल्या झाडांवरच ब्लू मॉरमॉनही अंडी घालते. ही आपली राणी पाकोळी, २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. कोकणात, घाटमाथ्याला आणि झाडी राखून असलेल्या शहरी भागांत ती घरांच्या बागांमध्ये सहज येते.

अंगण किंवा मोठी गच्ची असेल तर रुईचं एखादं झाड ठेवा. रुईवर प्लेन टायगर वाढतं. पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची त्याची अळी पान खाण्याआधी मधली शीर कुरतडते, म्हणजे चीक वाहून जातो आणि पुढचं पान तिला सुखाने खाता येतं. त्या क्षणाचा फोटो मिळवण्यासाठी सकाळचा अर्धा तास बसायला लागलं तरी बसावं. मात्र रुईचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. पानाला हात लागला की साबणाने धुवा आणि घरात लहान मूल असेल तर रुई सरळ टाळा. कण्हेरीचंही तेच, ती विषारी आहे. पण आवारात आधीपासून कण्हेर असेल तर पानांखाली कॉमन क्रोचे कोष शोधा. रुपेरी, आरशासारखे लखलखणारे हे कोष टिपताना तुमचं आणि आकाशाचं प्रतिबिंब त्यात उमटतं. कण्हेरीवर आणि तगरीवर ओलिअँडर हॉकमॉथ या मोठ्या पतंगाची जाडजूड हिरवी अळीही मिळते. डिवचली तर ती पुढच्या भागावरचे दोन निळे 'डोळे' फुगवून दाखवते.

सोसायटीच्या कुंपणाला ओळीने लावलेला उंच अशोक किंवा परसातलं सीताफळ असेल, तर टेल्ड जे. पावसाळ्यात रस्त्याकडेला उगवणारा टाकळा एखाद्या कुंडीत उगवू दिला, तर ग्रास यलो आणि कॉमन एमिग्रंट. आंब्यावर कॉमन बॅरन. त्याची अळी पानाच्या मधल्या शिरेवर अशी पसरून बसते की बोट ठेवून दाखवली तरी दिसत नाही.

रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाबद्दल एक सावधगिरी बाळगा. त्यावर बरेचदा कीटकनाशक मारलेलं असतं आणि काही औषधं झाडाच्या अंगात भिनून राहतात. अशा पानांवर अंडी घातली गेली तर अळ्या मरतात. नवं रोप आणलं की त्याला घरी भरपूर नवी पालवी फुटू द्या, जुनी पानं काढून टाका. शेजाऱ्याकडून मिळालेली फांदी किंवा बी सगळ्यात उत्तम. आणि घरात, गॅलरीत, कुंड्यांत एकदा फवारणी बंद केली की ती पूर्ण बंद करा. एका कुंडीवर औषध आणि दुसरीवर अळ्या, असं जमत नाही.

मावा आला तर काय, हा प्रश्न लगेच येतो. थोडा येऊ द्या. माव्यामागोमाग लेडीबर्ड भुंगे येतात, त्यांच्या काट्याकाट्यांच्या अळ्या येतात आणि क्रायसोपा या कीटकाची अंडी येतात. ही अंडी केसासारख्या बारीक देठावर उभी असतात. मॅक्रो फोटोसाठी इतका देखणा विषय घरात दुसरा नाही. फारच वाढला तर पाण्याच्या फवाऱ्याने मावा धुऊन काढावा.

आमंत्रणाचे आणखी मार्ग

मधासाठी महागडी फुलं लागत नाहीत. कुंडीत आपोआप उगवणारी एकदांडी आपण तण म्हणून उपटतो, पण छोट्या फुलपाखरांसाठी तिच्याइतकं भरवशाचं फूल क्वचितच असेल. तिच्या जोडीला एक्झोरा, पेंटास, झेंडू पुरेत. घाणेरीवर फुलपाखरं तुटून पडतात हे खरं, पण ती परदेशातून येऊन आपली रानं गिळणारी वनस्पती आहे. तिच्या बिया पक्षी दूरवर नेतात, म्हणून ती मुद्दाम लावू नये. तुळशीला मंजिऱ्या येऊ द्या. पूजेसाठी खुडायच्या त्या खुडा, थोड्या ठेवा. फुलोरी माश्या तर येतीलच, शिवाय पोटावर निळे पट्टे असलेली ब्लू-बँडेड बी ही एकाकी मधमाशी येईल. टोमॅटो-वांग्याच्या फुलाला धरून ती अंग थरथरवते आणि पराग झाडून घेते. तिचे नर संध्याकाळी एखाद्या सुक्या काडीला जबड्याने धरून रांगेत झोपतात. सहसा रोज त्याच काडीवर. दिवसा क्षणभर न थांबणाऱ्या या माशीचा फोटो घ्यायची हीच वेळ.

पसरट ताटलीत वाळू घेऊन पाण्याने भिजवा, चिमूटभर मीठ टाका आणि ती उन्हात ठेवा. ओल्या मातीतून सोडियम घ्यायला बहुधा नर फुलपाखरं येतात, आणि एकदा सोंड लावली की बराच वेळ हलत नाहीत. वाळू ओली हवी, वर पाणी साचलेलं नको. साचलं तर डास होतील. डेंगीचा डास घराघरांतल्या अशाच भांड्यांत वाढतो, म्हणून दर दोन दिवसांनी ताटली घासून वाळू बदला.

जास्त पिकलेलं केळं किंवा अननसाची सालं गुळाच्या पाण्यात एक-दोन दिवस आंबवून सावलीत दोरीला टांगली, तर फुलांकडे न फिरकणारी फुलपाखरं येतात. त्यात कॉमन बॅरन असतं आणि तिन्हीसांजेला कॉमन इव्हिनिंग ब्राउन. रात्री त्याच केळ्यावर पतंग बसतात. मुंग्या लागू नयेत म्हणून दोरीला वर थोडं व्हॅसलीन लावा.

खुळखुळा किंवा भुरुंडी हाताशी असेल तर तिची एखादी जुडी वाळवून टांगून बघा. टायगर आणि क्रो फुलपाखरांचे नर त्यातली अल्कलॉइडं शोषून घेतात आणि त्यांपासून मादीला भुलवणारी गंधद्रव्यं बनवतात. सुक्या काटक्यांवर फुलपाखरांची गर्दी जमलेली बघणाऱ्याला आधी काही उमगतच नाही.

एकाकी माश्या आणि गांधील माश्यांसाठी बांबूच्या पोकळ कांड्या कापा. वीतभर लांब, आतली रुंदी चार ते दहा मिलिमीटर, एक टोक पेरामुळे बंद. त्यांची मोळी बांधून पाऊस लागणार नाही अशा भिंतीला, सकाळचं ऊन येईल अशी आडवी बसवा. गुलाबाच्या पानांना गोल गोल कातरलेलं दिसलं की समजा, पान कापणारी माशी तिच्या पिल्लांसाठी नळीत अस्तर घालते आहे. गुलाबाचं त्यात काही बिघडत नाही.

फोटो काढताना

हातात असलेल्या मोबाइलने सुरुवात करा. मोबाइलमध्ये मॅक्रोची सोय असेल तर ती वापरा, नाहीतर चिमट्याने अडकवायची मॅक्रो लेन्स घ्या. अशी लेन्स लावल्यावर कीटकाच्या अगदी दोन-तीन सेंटिमीटर जवळ जावं लागतं, म्हणून ती अळ्या, कोष, अंडी आणि झोपलेल्या माश्यांसाठी. फुलपाखरासाठी जवळ न जाता दुप्पट झूमवर थोड्या अंतरावरून फोटो काढा आणि नंतर कातरा. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा; पार्श्वभूमी धूसर करण्याच्या नादात तो कीटकाच्या मिशा खाऊन टाकतो. पडद्यावर बोट दाबून फोकस पक्का करा, उजेड किंचित कमी करा आणि मग मोबाइलच मिलिमीटर-मिलिमीटर पुढेमागे हलवत एकापाठोपाठ फोटो घ्या. त्यातला एखादा नेमका बसतो.

कॅमेरा असेल आणि मॅक्रो लेन्सचा खर्च आत्ता नको असेल, तर जुनी ५० मिलिमीटरची लेन्स उलटी जोडायची रिंग मिळते. तिने जवळजवळ एकास एक मोठेपणा मिळतो, म्हणजे कीटक जेवढा आहे तेवढीच त्याची प्रतिमा सेन्सरवर पडते. लेन्सला स्वतःची छिद्र-कडी हवी, नाहीतर छिद्र हाताने बदलता येणार नाही. पुढे छंद टिकला तर ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स घ्यावी, कारण तिने थोडं दूर राहून काम होतं आणि कीटक बुजत नाही.

मॅक्रोमधली खरी अडचण फोकसची खोली ही आहे. एकास एक मोठेपणावर, पूर्ण आकाराच्या सेन्सरवर, एफ ११ ला जेमतेम एक-दीड मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. छिद्र आणखी लहान केलं तर खोली थोडी वाढते, पण एफ १६ च्या पुढे सगळंच चित्र मऊ पडायला लागतं. तेव्हा उपाय छिद्रात शोधण्यापेक्षा कोनात शोधा. फुलपाखरू पंख मिटून बसलं असेल तर कॅमेऱ्याची पाठ पंखांना समांतर धरा. सगळा पंख एका प्रतलात येतो आणि टोकापासून टोकापर्यंत स्पष्ट होतो. समोरून घ्यायचं असेल तर डोळ्यावर फोकस ठेवा. डोळा स्पष्ट असला की बाकी धूसर गेलेलं खटकत नाही.

उजेडाकडे लेन्सपेक्षा जास्त लक्ष द्या. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान फुलपाखरं पंख पसरून ऊन खातात, तेव्हा उजेडही तिरपा आणि सौम्य असतो. हिवाळ्यात त्याही आधी, दव असताना, चतुर आणि टाचण्या काडीवर गारठून बसलेल्या मिळतात. दुपारचं ऊन टाळा. फ्लॅश वापरायचा तर तो उघडा कधीही वापरू नका. भुंग्यांच्या चकचकीत पाठीवर पांढरा डाग पडतो आणि रंग मरतात. पुठ्ठ्याची चौकट करून तिला बटर पेपरचे दोन थर लावा आणि ती फ्लॅशसमोर, कीटकाच्या शक्य तितकी जवळ धरा. पडदा जितका मोठा आणि जवळ, तितका उजेड मऊ. फ्लॅशसोबत एफ ११, १/२०० सेकंद आणि आयएसओ २०० यांपासून सुरुवात करा. कमी शक्तीवर फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या काही हजाराव्या भागाइतकाच असतो, त्यामुळे हात हलला तरी चित्र गोठतं. टेल्ड जे मध पितानाही पंख फडफडवत राहतं. त्याला नुसत्या उन्हात टिपायचं तर १/१००० च्या वर जा.

जवळ जाण्याची रीत सरावाने येते. कीटकांना आकारापेक्षा हालचाल लवकर कळते. हळू, सरळ रेषेत आणि खालच्या पातळीवरून पुढे व्हा, आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका, आणि मधमाशीजवळ असाल तर श्वास बाजूला सोडा, तोंडचा उष्ण श्वास तिला बिथरवतो. कीटक उडालाच तर जागेवरच थांबा. बरीच फुलपाखरं आणि बरेच चतुर फिरून त्याच टोकावर येऊन बसतात.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. कीटक हलू नये म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवणं, काडीला चिकटवणं, पंख धरून फुलावर बसवणं, हे प्रकार सर्रास चालतात आणि असे फोटो वाहवाही मिळवतात. त्यांत कीटक अस्वाभाविक बसलेला असतो, जाणत्या नजरेला ते लगेच कळतं. आणि न कळलं तरी एका फोटोसाठी एका जिवाला छळण्याचा अधिकार आपल्याला नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या संरक्षित यादीत काही फुलपाखरंही आहेत, हेही ध्यानात असू द्या.

नुसत्या देखण्या छबीपेक्षा मला घटनेचा फोटो जास्त मोलाचा वाटतो. कॉमन मॉरमॉनची पूर्ण वाढलेली अळी खाणं थांबवून भटकू लागली की कुंडीत दोन-तीन सुक्या काटक्या खोचून ठेवा. नाहीतर ती कोष करायला भिंतीवर किंवा पडद्यामागे जाईल. कोषाला साधारण दहा दिवस लागतात. आदल्या दिवशी तो गडद होतो आणि आत पंखांची नक्षी दिसू लागते. त्या संध्याकाळी कॅमेरा, तिवई, पार्श्वभूमीचा पुठ्ठा सगळं लावून ठेवा, कारण फुलपाखरू बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर येतं आणि कोष फुटल्यावर दोन-तीन मिनिटांत सगळं आटोपतं. मग तासभर ते पंखांत द्रव भरत लटकून राहतं. या काळात त्याला स्पर्श झाला किंवा ते खाली पडलं तर पंख कायमचे वाकडे वाळतात.

प्रत्येक कोषातून फुलपाखरू येईलच असं नाही. कधी अळीच्या अंगावर पांढऱ्या तांदळाएवढे कोष दिसतात, कधी कोषातून बारीक माश्या बाहेर पडतात. या परजीवी गांधील माश्या. मन खट्टू होतं, पण त्यांना मारू नका, त्यांचेही फोटो काढा. त्या नसत्या तर तुमच्या लिंबाला एकही पान राहिलं नसतं.

रात्रीचा पडदा

भारतात फुलपाखरांच्या जाती तेराशेहून थोड्या अधिक. पतंगांच्या दहा हजारांच्या वर. म्हणजे खरी श्रीमंती रात्रीची आहे. जुलै ते सप्टेंबर हे महिने सर्वांत चांगले. अमावास्येच्या जवळची, उबदार, दमट, वारा नसलेली, पावसाने उघडीप दिलेली रात्र निवडा.

गच्चीत कपडे वाळत घालायच्या दोरीवर पांढरी सुती चादर लावा, खालची कड जमिनीवर पसरू द्या. तिच्यासमोर हातभर अंतरावर दिवा. घरातल्या एलईडी बल्बमधून अतिनील किरण जवळजवळ निघतच नाहीत, म्हणून त्यावर कीटक कमी येतात. पूर्वीपासूनचे अभ्यासक १६० वॅटचा मर्क्युरी बल्ब वापरतात. तो फार तापतो आणि पावसाचा थेंब पडला तर फुटतो. आता अतिनील ट्यूब किंवा एलईडी सहज मिळतात आणि पॉवर बँकवरही चालतात. त्यांच्याकडे थेट पाहू नका. अतिनील किरण अडवणारा चष्मा वापरा. सात वाजता दिवा लावा. पहिल्या तासात बारीक पतंग, तुडतुडे, भुंगे येतात. हॉकमॉथसारखे मोठे पतंग बरेचदा उशिरा.

कीटक दिव्याकडे का येतात, याचं एक पटणारं उत्तर जानेवारी २०२४ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मधल्या अभ्यासाने दिलं. वेगवान कॅमेऱ्यांनी घेतलेल्या चित्रीकरणात असं दिसलं की उडणारे कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतात. रात्री आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, तेव्हा या सवयीने त्यांना वर-खाली कळतं. दिवा बाजूला असला की ते त्याच्याकडे पाठ करून गरगरत राहतात. अडकतात. त्यांना दिव्याची ओढ असते असं नाही. हे कळल्यावर आपली जबाबदारी वाढते. पडदा रोज लावू नका, महिन्यातून एक-दोनदा पुरे. दहा-अकराला दिवा बंद करा, चादर तशीच राहू द्या आणि उजाडण्याआधी बसलेले पतंग अलगद झाडीत सोडा. उजाडल्यावर बुलबुल आणि कोतवाल पडद्यावरून एकेक टिपून नेतात, आणि ती मेजवानी आपण मांडलेली असते. भिंतीवरच्या पालींवरही रात्रभर लक्ष ठेवा.

अंगाची काळजीही घ्या. पावसाळ्यात दिव्यावर पेडेरस नावाचा बारीक, लांबट, काळा-केशरी भुंगा येतो. तो चावत नाही, पण अंगावर चिरडला तर त्याच्या द्रवाने त्वचा भाजल्यासारखी होऊन फोड येतात. बसला तर फुंकर मारून उडवा आणि जागा साबणाने धुवा. केसाळ सुरवंटांना हात लावू नका. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि कानांत कापसाचे बोळे ठेवा, बारीक भुंगे कानात शिरतात.

पडद्यावरच्या पतंगांचे फोटो बहुधा कंटाळवाणे येतात, मागे नुसतं कापड. ओळख पटवायला ते पुरेसे आहेत. सुंदर फोटो हवा असेल तर जवळच्या कुंड्यांची पानं, भिंत, झाडाचं खोड बघा. निम्मे पतंग तिथेच बसलेले असतात, आणि साल किंवा वाळकं पान भासणारं त्यांचं रूप तिथेच अर्थपूर्ण दिसतं.

ओळख आणि नोंद

फुलपाखरांसाठी 'बटरफ्लाइज ऑफ इंडिया' आणि पतंगांसाठी 'मॉथ्स ऑफ इंडिया' ही संकेतस्थळं मोफत आहेत. आयनॅचरलिस्ट या अॅपवर फोटो टाकला तर ते नाव सुचवतं आणि जाणकार मंडळी दुरुस्त करतात. अॅपने सुचवलेलं नाव लगेच खरं धरू नका, पतंगांच्या बाबतीत तर नाहीच. हातात धरून चाळायला आयझॅक किहिमकर यांचं, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) प्रसिद्ध केलेलं भारतीय फुलपाखरांवरचं इंग्रजी पुस्तक चांगलं आहे. प्रत्यक्ष झाडं आणि त्यांवरच्या अळ्या बघून शिकायचं असेल तर ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळेकर वाडीत जा. शेताची फुलपाखरांची बाग कशी होते ते तिथे समजतं. जुलैच्या शेवटी पतंग सप्ताह असतो आणि सप्टेंबरमध्ये 'बिग बटरफ्लाय मंथ'. तेव्हा बऱ्याच ठिकाणी जाणत्यांबरोबर पडदा लावायची किंवा फिरायची संधी मिळते.

ओळखीसाठी फोटो काढताना पंखांची वरची आणि खालची अशा दोन्ही बाजू घ्या, कारण बऱ्याच जातींमधला फरक एकाच बाजूला असतो. त्यासोबत तारीख, वेळ, ठिकाण लिहा. आणि अळीचा फोटो असेल तर ती ज्या झाडाची पानं खात होती, त्या झाडाचाही एक स्पष्ट फोटो जोडा, पान आणि असलं तर फूल दिसेल असा. कोणती अळी कशावर वाढते, याच्या नोंदी आपल्याकडे अजून फार थोड्या आहेत, पतंगांच्या तर फारच. तुमच्या गॅलरीतल्या कुंडीची नोंद त्यांत उपयोगी पडेल.